साहेबांच्या मोटारीचा पक्का जोड

मोटारीचं इंजिन बिघडलं तर मालक काळजीत पडतो. टायर फुटला तर ड्रायव्हर शिव्या देतो. धुराची नळी फुटली तर मात्र सगळ्या गावाला कळतं आणि तरी दुरुस्तीची घाई कुणालाच नसते, कारण मोटार चालतच असते. ओरडत चालते, एवढंच. अशा ओरडणाऱ्या मोटारी गप्प करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. निजामी अंमलात आमच्या बीडमध्ये मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्यांच्या बुडाखाली शिरणारा मी एकटाच, म्हणून लोक मला मिस्त्री म्हणत. शेजारी दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं की नाही, याची मला शंकाच आहे.

आम्ही जातीचे लोहार. ऐन जवानीत मी पाच वर्षं हैदराबादेच्या रेल्वे कारखान्यात घण मारला आणि परत आलो तो डोक्यात थोडी वाफ भरूनच. कारखाना म्हणजे घरासमोरचं अंगण. एका कोपऱ्यात वडिलांचा भाता, दुसऱ्या कोपऱ्यात ऐरण, आणि मध्ये एक खड्डा. मोटार खड्ड्यावर उभी करायची आणि आपण खाली उतरायचं. पाहुणे आले की त्याच खड्ड्यावर फळ्या टाकून बायको त्यांना बसवायची. कितीतरी सोयरिकी त्या फळ्यांवर ठरल्या आहेत.

आता हे काम काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. इंजिनातून तापलेला धूर निघतो तो आधी एका ओतीव लोखंडाच्या तुकड्यात, तिथून लांब नळीत, तिथून पत्र्याच्या डब्यात आणि शेवटी शेपटातून बाहेर. मधला डबा आवाज गिळतो. त्याला सायलेन्सर म्हणतात, आमचे ड्रायव्हर लोक सालेंसर म्हणत. आमच्याकडे हा डबा गंजून मरायचा नाही, नदीत मरायचा. बिंदुसरा काय, सिंदफणा काय, पूल कुठे होते? तापलेली मोटार उतारावरून थेट पाण्यात जायची आणि लालबुंद डबा थंड पाण्यात पडला की शिवणीवर तडकायचा.

तडा बुजवायला माझ्यापाशी दोन उपाय होते. एक कथील. भांड्याला लावतात तेच. सोपं, झटपट, दिसायला चकचकीत, पण ताप सोसत नाही. दुसरं पितळ. पितळेचा कीस आणि टाकणखार यांचं लिंपण तड्यावर द्यायचं, वर पत्र्याचं ठिगळ तारेने बांधायचं आणि बाभळीच्या कोळशात भाता मारत बसायचं. पितळ वितळून फटीत पळालं की जोड झाला. हा टिकतो, पण अर्धा दिवस खातो, आणि जुना पत्रा पातळ असेल तर ठिगळ राहतं आणि डबाच जळून जातो. तिसरा उपाय कारखान्यात पाहिला होता. गॅसची ज्योत लावून लोखंडानेच लोखंड जोडायचं. तो पुढे येईल.

कुठे काय लावायचं, याला माझी एक परीक्षा होती. मोटार पाव तास चालू ठेवायची आणि फुटल्या जागी ज्वारीचे चार दाणे ठेवायचे. दाणे तसेच राहिले तर कथील चालेल. लाही फुटली तर कथलाचं नाव काढू नये. ही परीक्षा मला कुठल्या साहेबाने शिकवली नाही, माझी मीच काढली. शेपटावर दाणे गुमान बसायचे आणि डब्यावर तडातड उडायचे. खड्ड्याच्या काठावर आमच्या कोंबड्या टपून असत.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर एकच सांगतो. तेलगावकडच्या एका देशमुखांनी नवी मोटार घेतली. महिन्याभरात डबा फुटला. मी पितळेने जोडला, इतका सुरेख की मोटार गेलेली माझी मलाच कळेना. आठ दिवसांनी देशमुख परत हजर.

"मिस्त्री, भोक पाडा."

"कुठं?"

"जितं व्हतं तितंच. पयले मोटार आली की चावडीवरले लोक उटून उभे ऱ्हायचे. काल मी चावडी वलांडून गेलो, तर एकजण पाट करून इडी ओढत बसला व्हता. मंग मोटार घिऊन उपेग काय?"

मी भोक पाडलं. देशमुख तृप्त होऊन गेले. आवाजाचाही कुणाला उपयोग असतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी हसून सोडून दिलं.

त्यानंतर माझ्याकडे एका साहेबांची मोटार येऊ लागली. साहेबांचं नाव सांगत नाही आणि हुद्दाही सांगत नाही. हुद्दा मोठा होता एवढं पुरे. पावसाळा संपला की ते दौऱ्यावर निघत. त्यांचा ड्रायव्हर हुसेनभाई, पान खाऊन ओठ लाल झालेला, मुलखाचा गप्पिष्ट माणूस. पहिल्यांदा तो आला तेव्हा डब्याची शिवण वीतभर उकलली होती आणि त्याला फक्त अर्धा तास थांबायचं होतं.

"मिस्त्री, साब तयार होके बैठे. पितळ-बितळ नक्को, कुछ बी लगाओ."

"हुसेनभाई, कथील लावतो, पण दोन कोसात गळून पडंल."

"पडन दो. निकलते वखत तो चुप रहना."

मी कथील लावलं. मोटार साहेबांच्या बंगल्यातून मांजरीसारखी निघाली आणि सिंदफणा ओलांडायच्या आत पुन्हा डरकाळ्या फोडू लागली.

पुढच्या बाजारी तलवाड्याहून आमचे दाजी आले. माझी धाकटी बहीण सोना तलवाड्याला दिलेली. घर लोहाराचंच, पण भाता सोडून शेतीला लागलेलं. बैलांची एक जोडी आणि काळ्या रानाचा एक तुकडा, एवढाच संसार. दाजी फळीवर बसले, चहा प्याले आणि एकदम म्हणाले, "मेव्हणं, तुमच्या हाताला लई गुन हाय."

"का हो?"

"परवा तुमच्या सायबाची मोटार आमच्याकडं आलती. कोसभर आदी आवाज आला. सम्दे बैल वड्यात नेऊन बसिवले. गावात बैलाचं शेपूट दिसलं न्हाई कुनाला."

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. साहेब मोटारीने येत, पण त्यांचा तंबू, खुर्च्या, दप्तर, खानसामा आणि कोंबड्यांचं खुराडं पुढच्या मुक्कामाला बैलगाडीनेच जात. गाड्या गावाने द्यायच्या. त्याला वेठ म्हणत. कुणाच्या द्यायच्या याचा नियम सोपा होता: शिपायाला जे बैल दिसतील ते. दोन दिवस म्हणून नेलेली जोडी दहा दिवसांनी परत यायची, तीही खांदे सुजून. पाटलाचे बैल शिपायाला कधी दिसत नसत, ही त्या शिपायांच्या नजरेची करामत. बाकीच्यांना आपले बैल स्वतःच दडवावे लागत, आणि दडवायला आधी खबर लागे.

ती खबर मी देत होतो, कथलाने.

दुसऱ्या खेपेला हुसेनभाई आला तेव्हा त्याला वेळ होता. डब्यावर दाणे ठेवायची गरज नव्हती, तिथे लाही फुटते हे मला पाठ होतं. पितळेचा कीस समोर होता, टाकणखार होता, भाता तयार होता. मी कथील लावलं. तिसऱ्या खेपेला लावलं, चौथ्या खेपेला लावलं. हुसेनभाईने विचारलं की मी सांगायचो, "तापली गाडी पान्यात घालता, मंग जोड कसा ऱ्हाईल?" तो मान हलवून पानाला चुना लावू लागायचा. त्याला खरं काय ते कळत होतं की नाही, हे मला कधी समजलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मला बरं वाटे, असंही नाही. रस्त्याने ती मोटार ओरडत गेली की लोक म्हणत, मिस्त्रीने परवाच जोडली होती की! बहिणीचे बैल शाबूत होते, पण माझं नाव रोज थोडं थोडं गळत होतं. कारागिराला सगळं सोसतं, कच्चा म्हटलेलं सोसत नाही. मला तर मुळीच सोसत नसे.

त्याच सुमारास हैदराबादेच्या एका जुन्या दोस्ताकडून मी गॅसचं सामान मागवलं. ज्योतीची नळी, कार्बाइडचा डबा आणि माणसाच्या छातीएवढं लोखंडी नळकांडं. ते सर्व्हिस मोटारीतून आलं. कंडक्टरने त्याला एक जागा दिली आणि तिकीटही फाडलं, कारण शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. बायकोने घरातली थंड आणि अंधारी जागा म्हणून ते देवघराच्या भिंतीशी उभं केलं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. तिने ऐरणीला, घणाला, भात्याला हळदकुंकू वाहिलं आणि नळकांड्यालाही वाहिलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. मी नुसता बघत बसलो होतो आणि माझे हात शिवशिवत होते.

दसरा होऊन तीन दिवस झाले आणि मोटार दारात आली. या वेळी मागे साहेब स्वतः बसले होते. ते उतरले, फळीवर रुमाल टाकून बसले आणि गल्ली गोळा झालेली बघून जरा मोठ्यानेच म्हणाले, "मिस्त्री, रेल के कारखाने में काम किया बोलते हो. दो साल में एक डब्बा बंद नहीं हुआ. कारखाने में क्या करते थे, बर्तनों को कलई?"

गल्ली हसली. समोरचा तांबोळी हसला. आमच्या शेजारचा सुतार, ज्याने केलेल्या बाजेचा एक पाय कायम आखूड असे, तोही हसला.

हस्त सरला होता, रानात वाफसा आला होता, म्हणजे ओल पेरणीला बेताची झाली होती, शाळूची ज्वारी पेरायचे ते चार दिवस होते. तलवाड्यात दाजींनी तिफण काढली असेल हे मला ठाऊक होतं. साहेब कुठल्या बाजूला निघालेत हेही हुसेनभाई बोलून गेला होता. सगळं ठाऊक असताना मी साहेबांना म्हणालो, "हुजूर, दुपारपर्यंत थांबा."

आणि मग मी काम केलं. ते कसं केलं हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही, माफ करा. डब्याचा सडका पत्रा कापून काढला. एका मोडक्या लॉरीच्या मडगार्डाचा तुकडा तासून तिथे केसाच्या फटीने बसवला. ज्योत आधी पिवळी, मग निळी, मग तिच्या पोटात पांढरा दाणा उभा राहीपर्यंत बारीक केली. चार कोपरे टिपक्यांनी धरले, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. मग मऊ तार हातात घेऊन बोटबोटभर पुढे जायचं आणि थांबायचं. लोखंड तुपाच्या थेंबासारखं वितळायचं आणि मागे एकासारखी एक चकती ठेवून जायचं. शेवटी शेपटात ओला बोळा कोंबून मोटार चालू केली आणि जोडावर साबणाचा फेस फासला. एक बुडबुडा आला नाही. गल्लीत आता कुणी हसत नव्हतं.

साहेबांनी वाकून जोड पाहिला आणि शाबास म्हणाले. मोटार निघून गेली, कोपऱ्यावर वळली, आणि आवाज नाही. मी बराच वेळ अंगणात उभा होतो. मला वाटतं, आयुष्यात इतका खूश मी त्याआधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही.

मोटार तलवाड्याच्या शिवारात पोचली तेव्हा दाजी रस्त्याकडेच्या रानात पेरत होते. तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, मध्यावर असताना त्यांनी वर पाहिलं, तर मोटार बांधाशी उभी आणि शिपाई तिफणीकडे चालत येतोय. बैल जुंपलेलेच सापडले. शिपायाने जू सोडलं आणि बैल नेले. दाजी एक दिवस थांबा म्हणत मागे पळाले. अकरा दिवसांनी जोडी परत आली. एक बैल लंगडत होता. वाफसा उडून गेला होता, ढेकळं दगडासारखी झाली होती. निम्म्याहून जास्त रान पडीक राहिलं.

हे सगळं मला दाजींनी सांगितलं नाही. त्यांनी बाजाराला येणंच बंद केलं होतं. सोनाने सांगितलं, भाऊबीजेला. तिने मला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि निरांजन खाली ठेवता ठेवता सांगितलं. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

"मोटार आली कवा, कुनालाच कळलं न्हाई बग दादा. लई पक्का जोड केलास."

माझ्या हातात तिच्यासाठी आणलेलं लुगडं होतं. ते मी ताटाजवळ ठेवलं. तिने त्याला हात लावला नाही.

"मला लुगडं नगं. ववाळनी घालायची तर त्या मोटारीला पुन्यांदा भोक पाड."

मी हो म्हणालो. देवासमोर, ओवाळलेल्या कपाळाने हो म्हणालो.

मार्गशीर्षात मोटार आली. काम वेगळंच होतं, मागच्या चाकावरची कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली होती. हुसेनभाई पान आणायला गेला, साहेब बंगल्यावर होते. खड्ड्यात मी एकटा. हातात पंच आणि हातोडी. एक घाव, आणि कुणी काही म्हटलं नसतं, नदीतला दगड लागला म्हणता आलं असतं. मी कंदील वर धरला. जोड जसाच्या तसा होता. दोन महिने नद्या तुडवूनही एक चकती हलली नव्हती. मी पंच टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. शेवटी मी कमान बसवली आणि वर आलो. सोनाला मी सांगितलं की ती मोटार माझ्याकडे परत आलीच नाही. तिचा माझ्यावर विश्वास, म्हणून तिने पुन्हा विचारलं नाही. मला त्या गोष्टीची आजही लाज वाटते.

दरवर्षी पौषात तिच्या रानात हुरड्याचं बोलावणं असे. त्या वर्षी आलं नाही. हुरडा भाजायला ज्वारीच नव्हती.

दरम्यान माझा लौकिक पसरला होता. साहेबांनी चार ठिकाणी तारीफ केली आणि एकामागून एक हुद्देदारांच्या मोटारी अंगणात येऊ लागल्या. सगळ्यांना तोच जोड हवा होता. या कामाची मी आयुष्यभर वाट पाहिली होती. पहिली मोटार आली त्या दिवशी मी नळकांडं, ज्योतीची नळी आणि कार्बाइडचा डबा सर्व्हिस मोटारीत चढवून दोस्ताला परत पाठवून दिला. बायको म्हणाली, "पूजा केलेलं हत्यार कावून घालवता?" मी म्हणालो, आपल्याला ते जमत नाही.

त्यानंतर ज्या मोटारीतून हुद्देदार फिरतो तिला कथील, हा माझा नियम झाला. डाक नेणाऱ्या लॉरीला पितळ, सर्व्हिस मोटारीला पितळ, देशमुखांना मागतील ते. हुद्देदार चिडत. एकाने मला कचेरीसमोर दिवसभर उन्हात उभं केलं. दुसऱ्याने अंगणात येऊन विचारलं, "बे, त्या साहेबाचा जोड तूच केलास की दुसऱ्या कुणी?" मी म्हणालो, हुजूर, तो कसा जमला मलाच ठाऊक नाही. गल्लीतला सुतार लोकांना सांगे की मिस्त्रीचा हात एकदाच काय तो चालला. मी ऐकून घ्यायचो. तलवाड्याकडे मोटारी ओरडत जाऊ लागल्या. दाजी पुन्हा बाजाराला येऊन फळीवर बसू लागले. लंगड्या बैलाच्या जागी त्यांनी मामेभावाकडून एक गोऱ्हा आणला होता.

ती एकच मोटार मात्र गुपचूप फिरत राहिली. तिने आणखी कुणाच्या रानात काय केलं असेल, याचा हिशेब मला लागत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं. सामान बांधून झालं होतं, हुसेनभाई मोटार पुसत होता. साहेब खुशीत होते. म्हणाले, "मिस्त्री, यहाँ सब लोग तुमको कच्चा कारीगर बोलते. सब के जोड गिर जाते. मेरा जोड दसरे से वैसाच है. ये क्या बात है?"

मी हात जोडले.

"हुजूर," मी म्हणालो, "तेवढी एकदाच चूक झाली."

साहेब मोठ्याने हसले आणि मोटारीत बसले. हुसेनभाई हसला नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, दार लावलं, आणि मोटार फाटकातून आवाज न करता निघून गेली.